अडलेल्या टपालाचे आतोबा

माझ्या मैत्रिणीच्या आतोबांनी एकदा मनावर घेतलं, की जगातलं कोणतंही टपाल फार काळ अडून राहू शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. मी सहसा ठाम मतं मांडत नाही. वर्गात सरांनी प्रश्न विचारला आणि मला उत्तर येत असलं, तरी शेजारच्या मुलीने हात वर केला आहे का, हे मी आधी बघते. पण या एका बाबतीत कुणीही माझी उलटतपासणी घ्यावी, मी मागे हटणार नाही. टपाल म्हणजे ई-मेल. आतोबा त्याला मेल म्हणत नाहीत, टपालच म्हणतात. कारण त्यांच्या मते कागद गेला, पाकीट गेलं, लाखेची मोहर गेली, तरी एका माणसाचं म्हणणं दुसऱ्या माणसापर्यंत पोचवायचं ही कटकट आहे तिथेच आहे.

माझी मैत्रीण मानसी दिल्लीतच जन्मली आणि आई-वडिलांची बदली झाल्यावर शिकायला म्हणून आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आपल्या आत्याकडे राहत होती. आत्याच्या यजमानांना मराठीत आतोबा म्हणतात, हे तिला मी सांगितलं. तोवर ती त्यांना ‘फूफाजी’च म्हणत होती, आणि अजूनही घाईत असली की तेच म्हणते. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एम. ए. करायला इथे आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पहिल्या रविवारी मानसी मला जेवायला घेऊन गेली, तेव्हा मी दारातच भीतभीत “नमस्कार आतोबा” म्हटलं. त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला, आत वळून हाक मारली, “अगं ऐकलंस का? लग्नाच्या बत्तीस वर्षांनी कुणीतरी मला माझ्या हुद्द्याने हाक मारली!” तेव्हापासून रविवारची पोळी-भाजी माझ्या नावावर लागली.

आत्या एका मंत्रालयात नोकरीला होत्या, क्वार्टर त्यांच्या नावावर. आतोबा निवृत्त झाले होते. त्यांनी छत्तीस वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या आर अँड आय शाखेत काढली. आर अँड आय म्हणजे जिथे बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र नोंदवून घेतात आणि आतून जाणारं प्रत्येक पत्र नोंदवून पाठवतात ती खोली. ती प्रत्येक सरकारी इमारतीत तळमजल्यावर, जिन्याखाली, जमेल तितक्या अंधारात असते, असं आतोबा सांगतात. त्या खोलीतून निघताना त्यांनी सोबत एक सिद्धांत आणला. टपाल तीनच ठिकाणी अडतं: पाठवणाऱ्याकडे, वाटेत, नाहीतर घेणाऱ्याकडे. चौथी जागा देवाने निर्माण केलेली नाही. शेजारीपाजारी कुणी कपाळाला हात लावून “भाई साहब, मेल नहीं जा रहा” म्हणत आलं, की आतोबा त्याला आधी बसवतात, पाणी देतात, आणि डॉक्टरांनी पोट दाबून विचारावं तसं विचारतात, “नहीं जा रहा, या जाके नहीं पहुँच रहा, या पहुँच के नहीं दिख रहा?” बहुतेकांना या तिन्हींत फरक आहे हेच ठाऊक नसतं. निम्मा आजार तिथेच बरा होतो.

स्वतःच्या टपालाच्या बाबतीत तर ते फारच कडक. पाठवलेलं आणि आलेलं प्रत्येक ई-मेल ते लाल कापडी पाठीच्या एका रजिस्टरमध्ये चढवतात, डाव्या पानावर आवक आणि उजव्या पानावर जावक. कोणतंही टपाल ज्याला पाठवायचं त्याला आधी जात नाही. ते आधी आतोबांनाच जातं. स्वतःच्याच पत्त्यावर पाठवायचं, मग उठून स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी प्यायचं (“वाटेतला वेळ त्याला द्यायला नको?”), परत येऊन ते परक्याचं आलं आहे अशा नजरेने तपासायचं, आणि मगच मूळ माणसाला धाडायचं. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार लिहिली होती. पाणी पिऊन आले, वाचली, आणि भडकलेच. बसून त्यांनी स्वतःला उत्तर लिहिलं की आपल्या पत्रातला दुसरा परिच्छेद अनावश्यक कठोर असून तो सौम्य करावा. दोन्ही टपालं रजिस्टरला आहेत, मी पाहिली आहेत.

विषयाची ओळ कोरी ठेवलेलं टपाल ते उघडत नाहीत. परत पाठवतात. त्यांच्या पुतण्याला मुलगा झाला, त्याने आनंदाच्या भरात बाळाचा फोटो नुसताच धाडून दिला. आतोबांकडून तासाभरात उत्तर गेलं, ‘विषय नमूद करून पुनश्च पाठवावे.’ पुतण्या बिचारा सुसंस्कृत. त्याने पुन्हा पाठवलं, ‘विषय: मुलगा झाला’. ती ओळ वाचल्यावर मात्र आतोबा फोटो उघडायलाही थांबले नाहीत, फोनवर ओक्साबोक्शी रडले आणि मग पुतण्यालाच विचारलं की वजन किती. पुतण्याने बाळाचं सांगितलं. आतोबांना रजिस्टरसाठी फोटोचंही हवं होतं.

आणि टपाल पाठवून झालं की फोन! पोच मिळाल्याशिवाय टपाल गेलं असं ते मानतच नाहीत. आत्यांच्या भाचीच्या लग्नाचं आमंत्रण त्यांनी ऐंशी जणांना ई-मेलने पाठवलं आणि पुढचे दोन दिवस ऐंशी जणांना फोन करून विचारलं, “मिळालं का?” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या म्हणाल्या, “अहो, एवढे फोन केलेत, तर फोनवरच बोलावलं असतं ना?” आतोबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी रेल्वेला विचारलं होतं, रुळाशेजारून चालत का नाही जात.

रोज सकाळी नऊ वाजता ते स्पॅमच्या खणात डोकावतात. तिथे उत्तर द्यायचं नाही, काही उघडायचं नाही, पण बघून यायचं. “कुणी चुकून आत गेलंय का, हे बघणारं कुणीतरी पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं. ही त्यांची सवय ऐकूनच वरच्या मजल्यावरच्या मल्याळी बाईंनी आपल्या मुलीचा खण उघडून पाहिला, तर नर्सच्या नोकरीचं बोलावणं दोन लॉटऱ्यांच्या मधे अंग चोरून बसलेलं. दर ओणमला आता आतोबांकडे केळ्याचे वेफर्स येतात. आतोबा त्यांची आवक नोंदवतात की नाही, ते मी विचारलेलं नाही.

हे सगळं मी हसतहसत सांगते आहे, पण तो गुरुवार आठवला की अजून नजर घड्याळाकडे जाते.

आत्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, म्हणून त्या साठलेल्या रजा संपवत होत्या. मी दुपारी त्यांचा रिकामा डबा परत द्यायला गेले होते. दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत मी अर्ज केला होता. तिथे जागा मिळाली तर दोन वर्षं काम, राहायची सोय आणि पुढे पीएच. डी. नाही मिळाली तर एम. ए. संपताच गावी परत. तिथे माझ्यासाठी दोन स्थळं आधीच येऊन बसली होती. आत्यांनी चहा टाकता टाकता विचारलं, “काय गं, त्या संस्थेचं काय झालं?”

“नाही झालं, आत्या.”

पेपरमागून आवाज आला. “नाही झालं, असं त्यांनी कळवलं?”

“कळवलं नाही. पण वर्गातल्या दोघांना मुलाखतीचं बोलावणं आलं, आठ दिवस झाले. मला नाही आलं. म्हणजे नाहीच.”

पेपर खाली आला. “नकाराचं पत्र दाखव.”

“ते पण नाही आलं.”

“होकाराचं नाही, नकाराचं नाही. मग निर्णय घेतला कुणी?”

“मी.”

“तू कोण? तू अर्जदार. अर्जदाराला निर्णय घ्यायचा अधिकार नसतो!” आतोबा उभेच राहिले. “नकारालाही पत्र येतं, शीतल. विषयाच्या ओळीवरून सांगतो, छत्तीस वर्षांत मी होकारापेक्षा नकारच जास्त पाठवलेत, सगळे नंबर घालून, वेळेवर. पत्र नाही याचा अर्थ एकच, टपाल अडलंय.”

मला हे कसं समजावून सांगावं कळेना. आमच्याकडे आजवर कुणी ‘नाही’ असं तोंडाने म्हटलेलंच नाही. वडील तालुक्याच्या कचेरीत जायचे, खिडकीसमोर उभे राहायचे, आपलं नाव पुकारलं नाही की घरी यायचे. नाव नाही घेतलं म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून पाठ होतं. त्या न पुकारलेल्या नावाच्या मागे लागायचं असतं, खिडकीत डोकं घालून विचारायचं असतं, हे घरात कुणाला माहीतच नव्हतं.

आतोबांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. त्याच्यावर आत्यांनी विणलेलं क्रोशाचं झाकण असतं, ते घडी करून बाजूला ठेवलं. माझा पत्ता विचारला. अर्जात दिलेला पत्ता मी लिहून दिला: माझं नाव, वडिलांचं नाव आणि मधे एका दुकानाचं नाव. आतोबांनी भुवया वर केल्या. त्यांनी माझ्या पत्त्यावर ‘विषय: चाचणी’ असं टपाल सोडलं. अर्ध्या मिनिटात त्यांच्याकडेच काहीतरी परत आलं.

“अरे यार, फेल झाला,” शेजारी येऊन बसलेली मानसी म्हणाली आणि ते पुसायला तिने हात पुढे केला.

“हात मागे! परत आलेलं पाकीट कुणी न वाचता फेकतं का? त्याच्यावर शेरा असतो. घर बंद, पत्ता अपुरा, माणूस सोडून गेला. सगळं सांगितलेलं असतं, पण वाचतो कोण?” त्यांनी चष्मा लावला आणि त्या इंग्रजी मजकुराच्या जंगलातून बोट फिरवत एका ओळीवर थांबले. “हं. घेणाऱ्याची पेटी भरली आहे. तीनपैकी तिसरं ठिकाण. चलो, रोगी सापडला.”

पण माझी पेटी कशी भरेल? मला लिहितं कोण? मी फोनवर पेटी उघडली. वर एक लाल ओळ होती. ती महिन्याभरापासून तिथेच होती.

“आणि ही ओळ रोज दिसत होती तुला?” आतोबांनी विचारलं.

“हो. पण त्यात जागा विकत घ्या असं लिहिलेलं. मला वाटलं, जाहिरात आहे.”

आतोबांनी क्षणभर डोळे मिटले. पण ओरडले नाहीत. मानसीने लॅपटॉपवर माझं खातं उघडलं. पत्रं शे-दीडशेच. मात्र पेटीला जोडून फायली साठवायची जी जागा मिळते, ती उघडली आणि आम्ही तिघंही पडद्यावर वाकलो. आत सगळा तालुका होता. रामेश्वरचा जातीचा दाखला. तीन वेगवेगळ्या गावांतल्या तीन पूजांच्या गुणपत्रिका. कुणाचं रहिवासी प्रमाणपत्र, कुणाचा शाळा सोडल्याचा दाखला, कुणाच्या सह्या, कुणाचे अंगठे. शेकड्यांनी.

मग मला सगळं सांगावं लागलं. बारावीनंतर अर्ज भरायला मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या गजूभाऊंच्या ऑनलाइन दुकानात गेले होते. अर्जाला ई-मेल लागतो म्हणाले, म्हणून त्यांनीच एक करून दिला. पासवर्ड त्यांच्या वहीत लिहिला आणि मला त्याची चिठ्ठी दिली. तो बदलता येतो, किंबहुना बदलायचा असतो, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. माझ्या दृष्टीने तो रेशनकार्डाच्या नंबरासारखा होता, सरकारकडून आलेला.

आतोबांनी स्पीकरवर फोन लावायला सांगितला.

“बोला शीतलताई! दिल्ली काय म्हणते?”

“गजूभाऊ, माझ्या खात्यात तुम्ही लोकांचे कागद ठेवलेत का?”

“ठेवलेत की! ताई, तुमचा आयडी लकी आहे. तुमचा दिल्लीला नंबर लागला त्याच्यावरूनच. आता पोरं नाव घेऊन मागतात, शीतलताईच्या खात्यातूनच टाका म्हणून. बाद होत नाही फॉर्म.”

मला रागावता येईना. आतोबा पुढे झुकले. “अहो, पेटी भरली तिची! तिचं स्वतःचं पत्र परत गेलं!”

“कोण बोलतंय?”

“दिल्लीहून बोलतोय.”

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. गजूभाऊ बहुधा उभे राहिले असावेत. “साहेब, दाखले तर हलके असतात. त्यांनी नाही भरायची पेटी.”

“मग जड काय आहे?”

“जड म्हणजे… धाकट्या भावाचं लग्न आहे साहेब त्याच्यात. हळद, लग्न आणि वरात. कंप्युटरवर जागा नव्हती.”

मानसी तोंडावर ओढणी धरून खाली बसली. मी पुसायचं बटण शोधू लागले, तर आतोबांनी माझा हात धरला. “मालकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याचं टपाल फाडायचं नाही. बोला गजूभाऊ, काय काढू?”

गजूभाऊ विचारात पडले. “हळद राहू द्या, साहेब. आई आहे त्याच्यात, आता नाही ती. लग्न पण राहू द्या. वरात काढा. वरातीत नाहीतरी नुसतं डीजेचं लायटिंग दिसतंय.”

“लेखी द्या.”

दोन मिनिटांनी माझ्या फोनवर संदेश आला, ‘वरात काढण्यास हरकत नाही.’ आतोबांनी वेळ बघून तो नोंदवला आणि म्हणाले, “काढा वरात.”

वरात निघाली, पण लाल ओळ हलेना. माझा धीर सुटत चालला होता. आतोबा म्हणाले, “पुसलेलं जातं कुठे ते बघा. कचरा टोपलीत टाकला म्हणजे घराबाहेर गेला असं होत नाही.” खरंच, खालच्या कोपऱ्यात एक टोपली होती. वरात तिथे जाऊन नाचत होती आणि तिच्यासोबत गजूभाऊंनी टाकून दिलेले शंभरेक अंधुक दाखले. टोपली रिकामी केली आणि लाल ओळ गेली. तीन वाजायला दहा मिनिटं होती. आतोबांनी मला नवा पासवर्ड करायला लावला आणि मी तो टाकत असताना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आत्यांनाही उभं केलं. आत्या म्हणाल्या, “मला काय दिसणार आहे इथून, चष्मा आत आहे माझा.” तरी उभं केलं.

आता पत्र आपोआप येईल या आशेने मी पेटीकडे बघत बसले. आतोबा म्हणाले, “परत गेलेलं टपाल स्वतःच्या पायांनी येत नाही. पाठवणाऱ्याला सांगावं लागतं. लाव फोन.”

“मी?”

“पत्र कुणाचं आहे?”

मी फोन लावला. माझी हिंदी एरवी बरी आहे, पण त्या क्षणी ती परभणीला निघून गेली. पलीकडचे गृहस्थ कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, “मैडम, हमने तो भेज दिया था। वापस आ गया तो हम क्या करें? जिनका जवाब नहीं आया उनका नाम कट रहा है। पाँच बजे लिस्ट ऊपर जाएगी।”

म्हणजे बोलावणं होतं! माझं नाव यादीत होतं, आणि दोन तासांत कटणार होतं. मी “जी, सॉरी” म्हणून फोन ठेवणार होते. खोटं कशाला सांगू, ठेवतच होते. आतोबांनी हात पुढे केला. फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि एरवी न काढलेल्या एका मऊ, घरगुती आवाजात म्हणाले, “भाई साहब, मैं भी आर अँड आय का आदमी हूँ। छत्तीस साल।”

पलीकडचा आवाजच बदलला. “अरे सर! पहले बोलते! कहाँ थे आप?” पुढची पाच मिनिटं दोघं पाकिटांवर तिकिटाचा ठसा मारणारं फ्रँकिंग मशीन, जिन्याखालची खोली आणि शुक्रवारी संध्याकाळी ‘अर्जंट’ शिक्का मारून येणारी टपालं यांबद्दल बोलत राहिले. मानसी घड्याळाकडे बोट दाखवून नाचत होती. शेवटी आतोबा सहज म्हणाले, “तो वो बच्ची का एक बार फिर से छोड़ दीजिए।” सव्वातीनला टपाल आलं. विषयाच्या ओळीत मुलाखत असा शब्द होता आणि आत पहिल्याच ओळीत माझं पूर्ण नाव. मुलाखत शनिवारी. हजर राहणार असल्याचं कागदपत्रांसह आज पाच वाजेपर्यंत कळवावं.

कागदपत्रांचे फोटो माझ्या फोनमध्ये होते, फक्त जातीचा दाखला गजूभाऊंनी भरलेल्या त्या खात्यात. सहा जोडले, तर टपाल सुटेचना. आतोबांनी विचारलं, “वजन?” मानसीने आकडा सांगितला. “बापरे. दाखव बघू.” मी प्रत्येक गुणपत्रिकेचा फोटो हॉस्टेलच्या पलंगावर ठेवून काढला होता. “तुझ्या चादरीची फुलं कशाला पाठवतेस त्यांना? कडा काप. आकार कमी कर. अक्षर वाचता आलं की पुरे.” चादर कापली गेली, टपाल हलकं झालं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पाठवायला बोट उचललं.

“थांब. आधी माझ्या पत्त्यावर.”

“फूफाजी, टाइम नहीं है!” मानसी किंचाळली.

“बिल्कुल आहे.” त्यांनी ते स्वतःला पाठवून घेतलं, उठले आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. मी इतकं सावकाश पाणी पिणारा माणूस पाहिलेला नाही. परत आले, बसले, चष्मा पुसला, जोडलेल्या कागदांवरची नावं एकेक करून बघू लागले आणि पाचव्यावर थांबले.

“शीतल, रामेश्वर कोण?”

घाईत मी त्या गोदामातून माझ्याऐवजी रामेश्वरचा जातीचा दाखला उचलून जोडला होता. पाण्याचा तो एक पेला नसता, तर शनिवारी संस्थेने माझ्याकडे रामेश्वरबद्दलच विचारणा केली असती. दाखला बदलला. पत्त्यातलं एकेक अक्षर आतोबांनी मोठ्याने म्हणून घेतलं, टिंबासकट. चार वाजून अडतीस मिनिटांनी मी बटण दाबलं. टपाल गेलं. परत काही आलं नाही.

मी उडीच मारणार होते, पण आतोबांनी फोन स्पीकरवर लावलेलाच होता. “भाई साहब, पहुँचा?”

“आ गया सर। पूरा है।”

“डायरी नंबर?”

“सर, मेल का डायरी नंबर आजकल कौन देता है?”

“आप देंगे।”

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला, खऱ्या कागदाचा. पलीकडचे गृहस्थ हसत म्हणाले, “लिखिए सर।” आतोबांनी आवक-नोंदीचा तो आकडा लिहून घेतला, तीनदा वाचून दाखवला, फोन ठेवला आणि दोन्ही हात वर करून घरभर फिरले. खरोखर फिरले, बाल्कनीपर्यंत जाऊन परत. त्यांनी खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एका अनोळखी सरदारजींनाही “हो गया!” म्हणून ओरडून सांगितलं, आणि सरदारजींनी स्कूटर थांबवून वर बघत “बधाई हो जी!” म्हटलं. आत्यांनी कांदाभजी तळली. मानसीने मला इतकं घट्ट धरलं की माझी भजी तिच्या केसांत गेली. मी तोवर आयुष्यात काही जिंकले नव्हते. परीक्षेत पास होणं वेगळं, ते एकटीने मान खाली घालून करायचं असतं. हे चार माणसांनी मिळून, मोठ्याने, घड्याळाच्या नाकावर टिच्चून जिंकलेलं होतं.

आतोबांचं समाधान तेवढ्यावर झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गजूभाऊंना एक रीतसर परिपत्रक पाठवलं. ‘विषय: प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र पत्ता व पासवर्ड देण्याबाबत.’ मग पोच विचारायला फोन केला. गजूभाऊंनी ते छापून दुकानाच्या काचेवर लावलं आहे आणि दिल्लीहून आदेश आला आहे असं येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतात. रामेश्वरला आता स्वतःचा आयडी आहे. तो लकी आहे की नाही, ते लवकरच कळेल.

शनिवारी मी मुलाखतीला गेले. एका प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. मी गप्प बसण्याऐवजी “मला माहीत नाही, पण मी शोधून कळवू शकते” असं म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं, कशासाठी ते मला माहीत नाही.

निकाल आला तेव्हा आर. के. पुरमच्या घरात सामान बांधणं चाललं होतं. आत्या निवृत्त झाल्या होत्या, क्वार्टर सोडायचं होतं, मूळ गावचं, साताऱ्याचं तिकीट काढलेलं होतं. भिंतीवरचं कॅलेंडर उतरलं होतं आणि त्याच्या जागी फिकट चौकोन दिसत होता. मी फोन धरून धावत जिने चढले. आतोबा एका ट्रंकेवर बसून सुतळीची गाठ मारत होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं, विषय पाहिला. “पोच दिलीस?”

“दिली.”

“छान.” त्यांनी फोन मला परत दिला. मग सुतळी बोटाला गुंडाळत म्हणाले, “वाचून दाखवतेस?”

“तुम्हीच वाचा ना, आतोबा.”

“दुसऱ्याचं पत्र मी कधी वाचलेलं नाही गं. छत्तीस वर्षं एवढी पाकिटं हातातून गेली. पत्ता बघायचा, वजन करायचं, नंबर घालायचा. आत कुणाची नोकरी आहे, कुणाची बदली, ते आपण बघायचं नसतं. तशी सवयच लागली. विषय वाचला की माझे डोळे आपोआप थांबतात.” ते जरासे हसले. “एकदा ऐकावंसं वाटतं.”

मी दुसऱ्या ट्रंकेवर बसले आणि इंग्रजीतलं पत्र मराठीत करत करत वाचू लागले. आत्या हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आपली निवड झाली आहे हे कळवताना आम्हाला आनंद होत आहे, या ओळीपाशी आतोबांनी हात वर केला.

“तेवढंच पुन्हा.”

मी पुन्हा वाचलं. त्यांनी मान हलवली, हळूच, स्वतःशीच. “असं लिहितात होय,” ते म्हणाले.

खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, वर कुणीच उठलं नाही. मी ती ओळ तिसऱ्यांदा वाचली. या वेळी त्यांनी सांगितलं नव्हतं.